खिशातला महागडा कॅमेरा आणि गोव्याची हवा

लाखाच्या आसपास पैसे घालून खिशात मावणारा कॅमेरा घ्यायचा, वर त्याची लेन्सपण बदलता येत नाही, असं म्हटलं की घरचे आधी हातातल्या फोनकडे बोट दाखवतात. आणि खरं सांगायचं तर भर दुपारी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर काढलेल्या फोटोत दोघांमधला फरक ओळखणं कठीणच आहे, उजेड भरपूर असला की कुठलाही सेन्सर (उजेड टिपणारी चिप) शहाणा. फरक दिसतो शिगम्याच्या रात्री. रोमटामेळ, म्हणजे ढोल-ताशांवर नाचत जाणारी मिरवणूक, पुढे सरकतेय, चित्ररथावरच्या लाइटी मधेच पेटतात मधेच विझतात, आणि नाचणारा माणूस काही तुमच्या फोनसाठी थांबत नाही.

सगळा खेळ फोटॉनांचा, म्हणजे प्रकाशाच्या कणांचा आहे. ते पावसाच्या थेंबांसारखे कुठे कमी कुठे जास्त असे पडतात आणि हा कमीजास्तपणाच फोटोत रवाळ ठिपके म्हणून दिसतो, त्यालाच नॉइज म्हणतात. चौपट फोटॉन गोळा झाले तर नॉइज दुप्पटच वाढतो, म्हणजे फोटो दुप्पट स्वच्छ. साध्या पॉकेट कॅमेऱ्यात सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असायचा. २०१२ साली सोनीने आरएक्स१०० आणला त्यात तो १३.२ बाय ८.८, क्षेत्रफळात चौपट (याला एक इंची म्हणतात पण इंच कुठेच भरत नाही, जुन्या व्हिडिओ ट्यूबच्या मापावरून आलेलं नाव आहे). रिकोचा जीआर ३ आणि फुजीफिल्मची एक्स१०० मालिका अजून पुढे गेली, त्यांचा एपीएस-सी नावाच्या मापाचा सेन्सर या एक इंचीच्याही तिप्पट. फोन यावर तोड म्हणून पटापट बऱ्याच फ्रेम घेतो आणि एकत्र करतो, मंगेशीच्या दीपस्तंभावर हे झकास चालतं पण फुगडीवर हात पुसट होतात.

एवढा सेन्सर एवढ्याशा डब्यात बसतो कसा, तर लेन्स कायमची जोडल्यामुळे. ती त्याच एका सेन्सरसाठी बनवलेली असते, मागची काच सेन्सरच्या अगदी जवळ नेता येते, आणि कडेचा वाकडेपणा थोडा सॉफ्टवेअरवर सोडता येतो. बऱ्याच मॉडेलांत शटरसुद्धा लेन्सच्या आतच असतं. पातळ पात्यांचं, जवळजवळ आवाजच न करणारं. याचा मोठा फायदा लोकांना माहीतच नसतो: मोठ्या कॅमेऱ्यात फ्लॅश सहसा सेकंदाच्या २००व्या-२५०व्या भागाच्या शटर वेगापर्यंतच नीट जुळतो, इथे हजाराव्या भागालाही जुळतो, म्हणजे किनाऱ्यावर सूर्य समोरच्या माणसाच्या पाठीशी असताना चेहरा काळा न पाडता मागचं आभाळही निळं ठेवता येतं. मला विचाराल तर या कॅमेऱ्यांचा हाच सगळ्यात कमी वापरलेला गुण.

पण लहान आकाराची किंमत मोजावी लागतेच. पहिल्या आरएक्स१००ची लेन्स एफ १.८ने सुरू होते (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं) आणि पूर्ण झूम केल्यावर एफ ४.९ होते, म्हणजे सेन्सरवर पडणारा उजेड सातव्या हिश्शाहूनही कमी होतो, जाहिरातीत मात्र १.८च मोठ्या अक्षरात. जीआर ३मध्ये झूमच नाही, मोले अभयारण्यात धनेश दिसला तर तो ठिपकाच येणार. बॅटरी एवढीशी, जीआर ३ एका चार्जवर कंपनीच्या मापाने २००च्या आसपास फोटो देतो. उष्णता बाहेर टाकायला जागा नाही म्हणून आरएक्स१००च्या चौथ्या मॉडेलात फोरके व्हिडिओ सलग पाचेक मिनिटंच.

हे सगळं कुठल्याही रिव्ह्यूमध्ये मिळेल, गोव्यात खरी अडचण वेगळीच आहे. झूमची नळी बाहेर येते तेव्हा आतली जागा वाढते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते, आत जाते तेव्हा हवा बाहेर फेकली जाते, थोडक्यात दर वेळी ऑन-ऑफ करताना कॅमेरा श्वास घेतो. किनाऱ्यावर तो श्वास खारट असतो. बारीक रेती नळ्यांच्या फटीत गेली की मोटर अडकते, आणि लेन्स काढता येत नसल्यामुळे सेन्सरवरची धूळ घरी पुसायची सोयच नाही, सर्व्हिस सेंटरलाच द्यावा लागतो. जून ते सप्टेंबर तर काय बोलायचं, चामड्याच्या चपलेवर बुरशी येते तशी लेन्सवरही येते. आर्द्रता बराच काळ ६०-६५ टक्क्यांच्या वर राहिली की तिचे धागे काचेवरच्या कोटिंगवर पसरतात, त्यातून आम्ल सुटतं, मग बुरशी पुसली तरी व्रण राहतो. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक घेऊन ४० ते ५० टक्के राखा, आणि तांदळाच्या डब्यात कॅमेरा पुरायचा सल्ला कोणी दिला तर हसून सोडून द्या, तांदळाची पूडच आत जाईल. एसीच्या गाडीतून एकदम पावसाळी हवेत काढला तरी गार काचेवर दव धरतं, म्हणून आधी प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवून गरम होऊ द्यायचा.

सेकंडहँड घेत असाल तर दुकानातच एक करा. अपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ ११ वर न्या, पांढऱ्या भिंतीचा फोटो मुद्दाम आउट ऑफ फोकस काढा आणि स्क्रीनवर मोठा करून बघा. छिद्र बारीक झालं की प्रकाशाचा शंकू अरुंद होतो आणि सेन्सरवरच्या धुळीची सावली टोकदार पडते, एफ १.८ला तीच सावली पसरून दिसेनाशी होते. करडे ठिपके दिसले आणि विकणारा म्हणाला पुसले की जातील, तर त्यालाच पुसून दाखवायला सांगा.