दाढीनंतर गालाची आग का होते?

उघड्या वस्तऱ्याने दाढी करायला लागलो तेव्हा पहिला महिनाभर गळ्यावर लाल पुरळ असायचे. धार फारच तीक्ष्ण आहे, असा माझा समज झाला होता. खरे कारण नेमके उलटे निघाले. धार उतरली होती, आणि तिची कसर मी हाताच्या जोराने भरून काढत होतो.

दाढीचा केस साधारण 100 मायक्रॉन जाड असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्वचेचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर मात्र जेमतेम 10 ते 20 मायक्रॉनचा. वस्तरा दाबला की त्वचा पात्यापुढे फुगते आणि केसाबरोबर हा थरही खरवडला जातो. मग आतला ओलावा उडतो, खालच्या चेतातंतूंना झोंबते. आग होते ती ही.

म्हणून जोर लावायची वेळच येऊ देऊ नये. केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो आणि पाण्याने तो मऊ पडतो. त्यासाठी कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटे चेहरा भिजवावा. साबणाचा फेस ते पाणी धरून ठेवतो. फेस वाळू लागला की पुन्हा ओला ब्रश फिरवावा. इथे घाई करू नये.

2020 साली अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी दाढी करताना पात्याचे काय होते ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पोलाद केसापेक्षा सुमारे 50 पट कठीण, तरीही केस वाकून पात्याला भिडला की धारेच्या कमकुवत जागी बारीक टवका उडतो. दाढीआधी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर ओढतात तो धार सरळ आणि गुळगुळीत करण्यासाठी. पाठ पुढे, धार मागे. उलटे केले तर चामडेच कापले जाईल. टवके मात्र पट्ट्याने जात नाहीत, त्याला धारेचा दगडच लागतो.

पाते त्वचेशी साधारण 30 अंशांत धरावे. त्याहून उभे धरले तर ते खरवडते, फार आडवे धरले तर केस ओढते. मोकळ्या हाताने त्वचा हलकेच ताणावी आणि केसांच्या दिशेने जावे. गळ्यावर ही दिशा बऱ्याचदा आडवी वळते, म्हणून आधी कोरडे बोट फिरवून ती ओळखावी. कुरळी दाढी असणाऱ्यांनी उलटा वस्तरा टाळलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. ताणलेल्या त्वचेवर उलट दिशेने कापलेला केस मागे सरकून त्वचेखाली जातो, आतल्या आत वळतो आणि तिथे पुळी येते.

शेवटी ओल्या चेहऱ्यावर तुरटी. ती त्वचा आकसवते, बारीक रक्त थांबवते आणि जिथे खरवडले गेले असेल तिथे झोंबून दाखवते. माझ्या बाबतीत ती जागा हनुवटीखाली डावीकडे होती. तिथे उजवा हात आडवा न्यावा लागतो, आणि मनगट वळले की पाते उभे राहते.