पहिल्या वर्षाच्या आधीचे वर्ष

१८२६ मध्ये इजिप्तचा राज्यकर्ता मुहंमद अली याने चाळीसेक तरुणांना पॅरिसला शिकायला धाडले. त्यांच्याबरोबर इमाम म्हणून गेलेला रिफाआ अल-तहतावीच पुढे त्या तुकडीतला सर्वांत नावाजलेला विद्यार्थी ठरला. आधी सगळ्यांना एकाच घरात ठेवून फ्रेंच शिकवले. पण आपसात आपलीच भाषा चालू राहिली आणि फ्रेंच काही येईना, तेव्हा त्यांना वेगवेगळ्या फ्रेंच शाळांत विखुरून ठेवले. बैरुतला १८६६ मध्ये अमेरिकी मिशनऱ्यांनी काढलेल्या कॉलेजने उलटी वाट धरली. तिथे सुरुवातीला वैद्यकसुद्धा अरबीतून शिकवत. इंग्रजी आली ती नंतर, १८८० च्या दशकात.

विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाआधीचे जे तयारीचे वर्ष आज आखातात 'फाउंडेशन' म्हणून ओळखले जाते, त्याला जोर आला तो तेलानंतर. सौदीतल्या धहरानचे पेट्रोलियम कॉलेज (१९६३), अमिरातीतले अल ऐनचे विद्यापीठ (१९७६), ओमानचे सुलतान काबूस विद्यापीठ (१९८६) यांना इंजिनिअर, डॉक्टर हवे होते. पुस्तके इंग्रजी, प्राध्यापकही बहुतेक बाहेरचे, आणि शाळा अरबी. मधली दरी भरायला इंग्रजीचे वर्ष घातले.

माझ्या मते अडचणीचे निदान इथेच अर्धवट राहिले. इंग्रजीची परीक्षा घेता येते, गुण मोजता येतात, म्हणून पैसा आणि तास तिकडेच गेले. गणितच घ्या. अरबी माध्यमाच्या अनेक शाळांत समीकरण उजवीकडून डावीकडे लिहितात, एक्सच्या जागी सीन, वायच्या जागी साद ही अरबी अक्षरे. तिथला पाच गोल, आपल्या शून्यासारखा. शून्य म्हणजे नुसते टिंब. मराठी माध्यमातून अकरावी सायन्सला गेलेल्यांना असा धक्का ओळखीचा आहे, पण त्यांना निदान बाजू तरी बदलावी लागत नाही.

त्याहून मोठी अडचण उत्तर लिहिण्याची. सानविया किंवा तौजिही या शाळा संपतानाच्या परीक्षेत पाठ्यपुस्तकातला परिच्छेद जसाच्या तसा उतरवला की पैकीच्या पैकी गुण. तोच मुलगा विद्यापीठात पहिल्या असाइनमेंटला तसेच करतो, आणि त्याला वाङ्मयचौर्याची नोटीस मिळते. यात त्याची लबाडी कुठे आहे? बारा वर्षे ज्याला हुशारी म्हटले, तेच त्याने केले.

ओमानने २००८ मध्ये फाउंडेशनचे राष्ट्रीय निकष ठरवताना इंग्रजी, गणित आणि संगणकाबरोबर अभ्यासकौशल्यांनाही स्वतंत्र जागा दिली. नोंदी काढणे, संदर्भ देणे, वर्गात मत मांडणे त्यात आले. कतारने त्याआधी २००१ मध्ये एज्युकेशन सिटी या शैक्षणिक संकुलातल्या अमेरिकी विद्यापीठांकडे जाणाऱ्यांसाठी वेगळा पूर्वतयारी अभ्यासक्रम काढला होता. अमिरातीने मात्र हे वर्ष हळूहळू बंद करून तयारी शाळेतच उरकायचे ठरवले.

कतार विद्यापीठात तर २०१२ मध्ये कायदा, व्यवसाय व्यवस्थापन यांसारखे विषय पुन्हा अरबीत आणले आणि त्यांच्यापुरती फाउंडेशनची अट सुटली. सेमिस्टर आणि क्रेडिटची अमेरिकी चौकट मात्र तीच राहिली.