वेझले

वेझले : फ्रान्सच्या बर्गंडी भागात, योन जिल्ह्यात, एका टेकडीच्या पाठीवर लांबट पसरलेलं जुनं गाव. वस्ती जेमतेम चार-साडेचारशे, उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर, पॅरिसपासून रस्त्याने सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. खाली क्यूर नदीचं खोरं आणि पलीकडे मोर्वांचे जंगली डोंगर. गावाला मुख्य रस्ता एकच, तो खालच्या वेशीपासून चढत चढत थेट वरच्या चर्चच्या दारात जातो, त्यामुळे वाट चुकायची सोयच नाही. वरचं चर्च म्हणजे येशूची शिष्या मेरी मॅग्डालेन हिची बॅसिलिका, आणि गावातली घरं, तळघरं, तटबंदी, शतकानुशतकांची भांडणं, सगळं या देवस्थानामुळेच. १९७९ साली युनेस्कोच्या यादीत फ्रान्सची जी पहिली स्थळं गेली त्यात वेझले होतं; मात्र नोंद नुसत्या चर्चची नाही, चर्च आणि टेकडी अशी जोडीने आहे.

स्थापना नवव्या शतकातली, साधारण ८५८-५९ ची धरतात. जिरार द रुसियों नावाचा सरदार आणि त्याची बायको बेर्थ यांनी आधी खाली खोऱ्यात, म्हणजे आजच्या सँ-पेर गावाजवळ, जोगिणींचा मठ काढला आणि तो थेट पोपच्या छत्राखाली ठेवला, म्हणजे स्थानिक बिशप आणि जहागीरदार दोघांचाही हात पोचू नये. पोपची मान्यता ८६३ ची. पुढे नॉर्मन टोळ्यांच्या धाडी आल्या, जोगिणी गेल्या, बेनेडिक्टाइन साधू आले आणि मठ टेकडीवर हलला. हे बहुधा ८७० ते ८८० च्या दरम्यान झालं असावं, कारण ८७८ मध्ये पोप आठवा जॉन इथे येऊन गेल्याचं मानतात. जिरारबद्दल वाचताना मात्र जपून, कारण हाच माणूस पुढे वीरकाव्याचा नायक झाला आणि कागदपत्रांतला जिरार आणि पोवाड्यातला जिरार यांची इतकी सरमिसळ झालीये की काही जुन्या पुस्तकांत तो शार्लमेनशी लढताना दिसतो, जे काळाच्या हिशोबात बसतच नाही.

आता मुख्य वाद, अस्थींचा. मेरी मॅग्डालेन पॅलेस्टाइनमधली, मग तिच्या अस्थी बर्गंडीच्या टेकडीवर कशा? सुरुवातीच्या कागदांत तिचं नावच नाही, मठ येशू, त्याची आई मेरी, पीटर आणि पॉल यांच्या नावे आहे. १०३७ ला जोफ्रुआ मठाधिपती झाला, त्याच्या काळात मॅग्डालेन पुढे आली. १०५० च्या पोपच्या पत्रात ती मठाच्या आश्रयदात्यांत दिसते आणि १०५८ च्या पत्रात तर तिचा देह इथेच आहे असं गृहीत धरलंय. पण आला कसा याचं उत्तर मठाकडे आधी नव्हतंच. देवाला अशक्य काही नाही, असं काहीसं सांगून वेळ मारून नेल्याचं दिसतं. नंतर हळूहळू गोष्ट तयार झाली: मॅग्डालेन समुद्रमार्गे प्रोव्हान्सला आली, तिथेच वारली, आणि सारासेनांच्या, म्हणजे मुस्लिम टोळ्यांच्या, धाडींच्या भीतीने बादिलों नावाच्या साधूने तिचा देह गुपचूप वेझलेला आणला. या आणण्याची तारीख एका पाठात आठव्या शतकाच्या मध्याची, म्हणजे मठ जन्माला यायच्या शंभर वर्षं आधीची, तर दुसऱ्यात नवव्या शतकाच्या शेवटाची. इतिहासकार व्हिक्तोर सॅक्सेर यांनी विसाव्या शतकात या सगळ्या पाठांची उतरंड लावली आणि आधी अस्थी मानल्या गेल्या, मग कथा रचली गेली असा क्रम मांडला, तोच पटण्यासारखा आहे. चोरीची कथा विचित्र वाटेल, पण त्या काळी संताचे अवशेष चोरून आणणं हे पाप नव्हे तर संताचीच इच्छा समजली जायची.

अस्थींमुळे यात्रा सुरू झाली आणि यात्रेमुळे पैसा. स्पेनमधल्या सांतियागोला जाणाऱ्या चार मोठ्या वाटांपैकी एक इथून निघते, बाराव्या शतकातल्या यात्रेकरूंच्या लॅटिन गाइडमध्ये तिची नोंद आहे. पैशामागोमाग कटकटी आल्या. ११०६ मध्ये मठाधिपती आर्तोचा गावकऱ्यांनी खून केला, बांधकामासाठीच्या करांचा भार हे त्यामागचं एक कारण सांगतात. ११२० मध्ये मॅग्डालेनच्या जत्रेच्या आदल्या रात्री, २१ जुलैला, चर्चला आग लागून हजारावर यात्रेकरू मेले असं बखरकार सांगतात. आकडा फुगवलेला असू शकतो, आग खरी. ११५२ ते ५५ मध्ये गावकऱ्यांनी नव्हेरच्या काउंटच्या पाठबळावर स्वतःची पंचायत काढायचा प्रयत्न केला, तो राजाने मोडून काढला.

३१ मार्च ११४६, ईस्टरचा रविवार. क्लेर्व्होच्या मठाचा प्रमुख बर्नार्ड याने राजा सातव्या लुईसमोर दुसऱ्या क्रुसेडची, म्हणजे जेरुसलेमच्या बाजूच्या ख्रिस्ती स्वारीची, हाक इथे दिली, ती चर्चमध्ये नाही, गर्दी मावेना म्हणून उतारावर लाकडी मंच उभारून. स्वारीची शपथ घेणाऱ्यांना द्यायचे कापडी क्रूस संपले तेव्हा बर्नार्डने अंगावरचे कपडे फाडून वाटले असं समकालीन लेखक ओदो सांगतो. भाषणाचे शब्द काही उरलेले नाहीत, त्याच्या नावावर जे खपतं ते नंतरचं. जागेची आठवण म्हणून बांधलेलं ला कॉर्देलचं छोटं चॅपल सँत-क्रुआच्या वेशीतून खाली उतरलं की लागतं. पुढे ११६६ मध्ये कँटरबरीचा हद्दपार आर्चबिशप थॉमस बेकेट याने इथूनच इंग्लंडच्या राजाच्या माणसांना धर्मबहिष्कृत केलं आणि जुलै ११९० मध्ये इंग्लंडचा राजा रिचर्ड आणि फ्रान्सचा राजा फिलिप ऑग्युस्त तिसऱ्या क्रुसेडला इथून निघाले.

पुढे तेराव्या शतकात मठाला उतरती कळा लागली. १२६५ मध्ये शंका मिटवायला पेटी उघडली, तर आत रेशमात गुंडाळलेल्या अस्थी, भरपूर बायकी केस आणि एक दाखला-पत्र निघालं. १२६७ ला नवव्या लुईच्या हजेरीत थाटाने पुन्हा प्रतिष्ठापना झाली. पण १२७९ मध्ये प्रोव्हान्सच्या सँ-माक्सिमँने आमच्याकडे खरा देह सापडला असं जाहीर केलं, बादिलोंने चुकीची हाडं नेली असं त्यांचं म्हणणं. १२९५ मध्ये पोपने कौल सँ-माक्सिमँला दिला आणि वेझलेची जत्रा ओसरली. १५३७ ला साधूंचा मठ मोडला, कॅथलिक-प्रोटेस्टंट युद्धांत प्रोटेस्टंटांनी नासधूस केली (योगायोग असा की त्यांचा मोठा पुढारी थिओदोर द बेझ इथेच १५१९ मध्ये जन्मला), आणि क्रांतीत मठाच्या बाकीच्या इमारती गेल्या.

चर्चचं मुख्य दालन आगीनंतरचं, ढोबळमानाने ११२० ते ११४०. गाभाऱ्याकडचा भाग गॉथिक, बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. दालनाचं छत सलग नळीसारखं नाही, दोन नळ्या एकमेकींना छेदाव्यात तसं आहे, त्यामुळे भिंतीत वर मोठ्या खिडक्या काढता आल्या आणि उजेड भरपूर आला, पण भार बाहेर ढकलला जाऊन भिंती फाकल्या त्या फाकल्याच. कमानींत फिकट आणि गडद दगड आलटून-पालटून लावलेत. स्तंभशीर्षांवरचं कोरीव काम म्हणजे स्वतंत्र विषय. एकच सांगतो, एक जण वरून जात्यात धान्य ओततोय आणि दुसरा खाली पोतं धरून पीठ भरून घेतोय, यांना मोझेस आणि पॉल म्हणायची रीत आहे, जुना करार दळून नवा निघतो या अर्थाने.

मुखमंडपातून दालनात शिरताना मधल्या दारावर जी अर्धगोल शिल्पपट्टी आहे तिच्यासाठी वेळ ठेवाच. मध्ये मोठा येशू, हातांतून किरण निघून शिष्यांच्या डोक्यांवर, बाहेरच्या कमानीत राशी आणि बारा महिन्यांची कामं. कलेचे इतिहासकार एमील माल यांनी याला पेंटेकॉस्ट, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याचा प्रसंग, म्हटलं, तर कात्झेनेलेनबोगेन यांनी १९४४ मध्ये प्रेषितांना जगभर धाडण्याचा प्रसंग आणि त्यात क्रुसेडची छाया असा अर्थ लावला. ११४६ चं भाषण शिल्पानंतरचं, त्यामुळे छाया असलीच तर पहिल्या क्रुसेडची. दुसरा अर्थ जास्त बसतो, कारण कडेने पृथ्वीवरचे नाना लोक कोरलेत आणि आपल्याला खरी गंमत तिथेच आहे. कुत्र्याच्या तोंडाची माणसं आहेत, सुपाएवढ्या कानांचं एक कुटुंब आहे, आणि एक बुटका घोड्यावर बसायला चक्क शिडी लावून चढतोय. हे लोक बर्गंडीच्या कारागिराला सुचले कुठून? धागा भारतापर्यंत येतो. इ.स.पू. ४०० च्या सुमारास क्टेसियस या ग्रीक वैद्याने भारताच्या डोंगरात कुत्रामुखे राहतात असं लिहिलं, मेगास्थनीसने कानातच झोपणारे लोक सांगितले, रोमन लेखक प्लिनी आणि सेव्हिलचा बिशप इसिडोर यांच्याकरवी ते लॅटिन शाळांत गेलं. इसिडोर कुत्रामुखे आणि बुटके दोघांनाही भारतात ठेवतो, कानवाल्यांना मात्र सिथियात, म्हणजे काळ्या समुद्राच्या उत्तरेला. आता महाभारतात सभापर्वात सहदेवाच्या दक्षिण दिग्विजयात ‘कर्णप्रावरण’ येतात, म्हणजे कान हेच ज्यांचं पांघरूण, आणि बृहत्संहितेत उत्तरेच्या लोकांत ‘तुरगानन’ (घोड्याच्या तोंडाचे) आणि ‘श्वमुख’ (कुत्र्याच्या तोंडाचे) येतात. मेगास्थनीसने हे पाटलीपुत्रात ऐकीव घेतलं असावं असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे, आणि कानवाल्यांपुरतं तरी ते नाकारणं अवघड. म्हणजे आपले लोक ज्यांना दूरच्या मुलखातले विचित्र म्हणत होते ते फिरत फिरत फ्रान्समध्ये दारावर जाऊन बसले, आणि तिथे त्यांतले काही खुद्द भारतातले विचित्र लोक ठरले!

उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या आसपास ऐन मध्यान्ही (सूर्याची मध्यान्ह, घड्याळात पावणेदोनच्या सुमाराला) दक्षिणेकडच्या खिडक्यांतून पडणारे कवडसे दालनाच्या बरोबर मधोमध एका रांगेत पडतात, जणू गाभाऱ्याकडे जायला पायघड्या. हे १९७६ मध्ये इथल्याच एका फ्रान्सिस्कन साधूने लोकांच्या नजरेस आणलं. मुद्दाम केलं की जमून आलं यावर एकमत नाही. सेंट जॉनच्या सणाशी, म्हणजे २४ जूनशी, याचा संबंध लावतात, पण बाराव्या शतकातल्या ज्युलियन कॅलेंडरात सर्वांत मोठा दिवस १४ जूनच्या आसपास यायचा, त्यामुळे सणाचा धागा सैलच. कवडसे मात्र बघण्यासारखे, गर्दी धरून चाला.

आज दिसतं ते बरंचसं एकोणिसाव्या शतकाने वाचवलेलं. १८३४ मध्ये ऐतिहासिक स्मारकांचे सरकारी निरीक्षक प्रॉस्पेर मेरिमे तपासणीला आले तेव्हा इमारत पडायला टेकली होती, १८४० मध्ये काम वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युककडे गेलं तेव्हा तो २६ वर्षांचा होता, आणि ते १८५९ पर्यंत चाललं. त्याने वाचवलं हे खरं, स्वतःच्या मनाचंही घातलं हेही खरं: बाहेरच्या दारावरचं न्यायनिवाड्याचं शिल्प त्याच्या काळचं आहे, ते बाराव्या शतकातलं समजून फोटो काढू नका.

भारताशी दुसरा धागा रोमँ रोलाँचा. गांधी, रामकृष्ण आणि विवेकानंद यांची चरित्रं लिहिणारे हे नोबेलविजेते लेखक १९३८ मध्ये इथे राहायला आले आणि ३० डिसेंबर १९४४ ला इथेच वारले. गांधीजींची आणि त्यांची भेट १९३१ ची आणि स्वित्झर्लंडमधल्या व्हिलनव्हची, वेझलेची नव्हे, ही गल्लत होते. त्यांच्या घरात आता आधुनिक कलेचं झेर्व्होस संग्रहालय आहे, पिकासो, मिरो, कँदिन्स्की वगैरे. एवढ्याशा गावात हे असेल असं कुणाला वाटत नाही.

जायचं तर पॅरिस-बेर्सीहून आव्हालोंकडे जाणाऱ्या लोकल गाडीने सेर्मिझेल-वेझले स्टेशन, तिथून गाव दहाएक किलोमीटर. गाडी घेऊन गेलात तर खालीच लावा आणि चालत चढा. रस्त्यात जडवलेले पितळी शिंपले यात्रेच्या वाटेची खूण. जुन्या घरांच्या तळघरांत कमानी छताच्या मोठ्या खोल्या आहेत, जत्रेत यात्रेकरू तिथे उतरायचे. प्रार्थना १९९३ पासून जेरुसलेम बंधुसंघाचे साधू-साध्वी गातात, ती ऐकावी. चर्चमागच्या गच्चीवरून खोरं दिसतं. उतारावरचे द्राक्षमळे एकोणिसाव्या शतकाअखेरीस फिलॉक्सेराच्या किडीने उजाड झाले होते, १९७० नंतर परत लावले, आणि २०१७ पासून इथल्या पांढऱ्या वाइनला वेझले हे स्वतःचं नाव लावायची परवानगी आहे.

खाली सँ-पेरजवळ खाऱ्या पाण्याचे झरे आहेत, तिथे ओकच्या पोकळ खोडांच्या विहिरी निघाल्यात, लाकडाच्या कड्यांवरून त्यांचा काळ इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धातला ठरतो, आणि वर रोमन काळातलं स्नानगृह. उत्खनन १९३४ पासून रने लुई यांनी केलं. हे गृहस्थ जिरारच्या पोवाड्यातलं रणांगण शोधायला निघाले होते असं सांगतात.