कोचचं ऑक्सिटोसिन आणि व्होलचा मेंदू

जोडप्यांना जवळीक शिकवणाऱ्या ‘इंटिमसी कोच’ मंडळींच्या तोंडी एक मंत्र हमखास असतो: ऑक्सिटोसिन हे हॉर्मोन वाढवा, नातं घट्ट होईल. सर्वांच्या संमतीने एकाहून अधिक जोडीदार असलेल्या खुल्या नात्यांचे कोच दुसरं टोक गाठतात: माणूस निसर्गतः एकनिष्ठ नाहीच, मत्सर तेवढा ‘अनलर्न’ करा. या दोन्ही दाव्यांची हवा काढायला उत्तर अमेरिकेतल्या गवताळ प्रदेशातला उंदरासारखा एक प्राणी पुरेसा आहे. त्याचं नाव प्रेअरी व्होल.

सस्तन प्राण्यांत जोडीने संसार करणाऱ्या जाती दहा टक्केही नाहीत. हा त्यांतला एक. त्याची परीक्षा मोठी मजेशीर असते. तीन कप्प्यांची पेटी घेतात. एका टोकाच्या कप्प्यात त्याची जोडीदारीण आणि दुसऱ्या टोकाला अनोळखी मादी, दोघींना आखूड दोरीने बांधलेलं. नर मात्र मोकळा. तीन तासांत तो कोणाला किती वेळ बिलगून बसतो, ते मोजायचं. जोडी जमलेली असेल, तर बहुतेक वेळ जोडीदारणीपाशीच जातो.

हे घडतं कसं? मेंदूत न्यूक्लिअस अ‍ॅक्युम्बन्स नावाचा छोटा भाग आहे. समागमाच्या वेळी तिथे डोपामिन हे रसायन पाझरतं. ते पेशीवरच्या डी-२ रिसेप्टरवर, म्हणजे त्याच्या ठरलेल्या बैठकीवर बसलं, की पेशीतलं सायक्लिक एएमपी हे निरोप्या रसायन घटतं आणि ओढ जडते. डी-१ रिसेप्टर नेमका उलटा, तो सायक्लिक एएमपी वाढवतो. साधारण दोन आठवडे एकत्र राहिल्यावर नराच्या मेंदूत या डी-१ रिसेप्टरांची संख्या वाढते आणि अनोळखी मादी जवळ आली, तर तो तिच्या अंगावर धावून जातो. २००६ साली संशोधकांनी औषधाने डी-१ अडवून पाहिला, तेव्हा हा हल्लाच थांबला. म्हणजे ओढ लावणारं आणि परक्याला हुसकावणारं रसायन एकच, बसायची जागा वेगळी! मला तरी यापुढे प्रेमकविता फिक्या वाटतात.

आता मेख. रानातल्या पिल्लांची जनुकं तपासली, तर काहींचा बाप भलताच निघतो. संसार एकीशी असतो, शरीरसंबंध तिच्यापुरतेच असतात असं नाही. पक्ष्यांचंही तेच. तेव्हा ‘एकनिष्ठ’ या एका शिक्क्याखाली दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात.

आणि ऑक्सिटोसिन? २०२३ साली क्रिस्पर या जनुकं कापायच्या तंत्राने ऑक्सिटोसिनचा रिसेप्टरच काढून टाकलेले व्होल तयार केले. त्यांनीही जोड्या जमवल्याच. माणसांवरच्या २००९ सालच्या एका प्रयोगात नाकात ऑक्सिटोसिन फवारल्यावर पैशांच्या खेळात असूया आणि दुसऱ्याच्या हरण्याचा आनंद, दोन्ही वाढले. तरी ‘लव्ह हॉर्मोन’चे स्प्रे खपतातच, वशीकरणाच्या ताईताला बाटली मिळाली, इतकंच.

अर्थात व्होलचा डी-१ म्हणजे माणसाचा मत्सर नव्हे. माणसाच्या मत्सरात वेळ कमी मिळण्याची भीती असते, तुलना असते, लपवाछपवीचा राग असतो. बरा कोच हे धागे सुटे करतो: नव्या व्यक्तीबद्दल आधी सांगायचं की नंतर, कंडोम कोणासोबत, लैंगिक आजारांच्या तपासण्या किती महिन्यांनी, एकाचं मन बदललं तर काय. यांतल्या एकाही प्रश्नाला हॉर्मोनची चाचणी लागत नाही.