पहिली फळी कच्ची पडते तेव्हा : क्रोन्सच्या आजाराबद्दल

बडोद्यात एखाद्या तरुण मुलाला क्रोन्सचा आजार निघाला की पहिलं खापर सेव-उसळीवर फुटतं. बाहेरचं तिखट खाऊन आतडी जाळून घेतली, असं घरातली मोठी माणसं म्हणतात. दुसरं खापर परीक्षेच्या टेन्शनवर. मग नातेवाइकांच्या ग्रुपवर 'इम्युनिटी वाढवा' असं सांगणारा काढा फिरू लागतो. तिखटामुळे हा आजार होतो याला पुरावा नाही. टेन्शनने त्रास वाढू शकतो, पण आजार त्यातून जन्मत नाही. इम्युनिटीची गोष्ट मात्र इतकी विलक्षण आहे की हा लेख मी मुख्यतः तिच्यासाठीच लिहायला घेतला.

क्रोन्स म्हणजे पचनमार्गाचा वर्षानुवर्षं चालणारा दाह. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, पण सर्वाधिक आढळतो लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, म्हणजे इलियम मोठ्या आतड्याला मिळतं तिथे. उजवीकडे बेंबीखाली दुखणं, जुलाब, वजन घटणं, मुलांमध्ये उंची खुंटणं ही त्याची लक्षणं. सुरुवात बहुधा पंधरा ते पस्तीस या वयात. ग्लासगोचे शल्यविशारद डालझील यांनी १९१३ मध्येच असे नऊ रुग्ण नोंदवले होते. पण नाव पडलं ते न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन यांचं. त्यांनी गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांच्यासह १९३२ मध्ये १४ रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं. हा दाह सलग नसतो: आतड्याचा एक तुकडा सुजलेला, पुढचा निरोगी, त्यापुढचा पुन्हा सुजलेला. शिवाय तो आतल्या अस्तरावर थांबत नाही, भिंतीच्या सगळ्या थरांतून आरपार जातो. म्हणूनच पुढे आतडं अरुंद होतं किंवा भगंदर होतं.

इलियमच का? लहान आतड्याच्या वरच्या भागात जिवाणू तुरळक असतात. इलियमच्या टोकाशी एका मिलिलिटरमध्ये ते कोटींच्या घरात जातात आणि मोठ्या आतड्यात त्याच्याही हजारो पट. म्हणजे ही जागा दाट जिवाणूवस्तीच्या उंबरठ्यावर आहे. बेल्जियममधल्या लूव्हेनच्या डॉक्टरांनी १९९१ मध्ये पाच रुग्णांवर केलेलं निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. आजारी इलियम काढून आतडं पुन्हा जोडलं, पण मलप्रवाह त्या जोडापर्यंत जाऊ न देता पोटावरच्या छिद्रातून बाहेर काढला. सहा महिने जोडापाशी एकही नवी जखम झाली नाही. प्रवाह पुन्हा सुरू केल्यावर सहा महिन्यांत पाचही जणांना आजार परतला. आतड्यातून वाहणाऱ्या ऐवजात काहीतरी आहे ज्याच्यावर शरीर चिडतं, हे इतक्या थेटपणे क्वचितच दिसतं.

आता त्या चिडण्याबद्दल. २००१ च्या मे महिन्यात 'नेचर'च्या एकाच अंकात फ्रेंच आणि अमेरिकन गटांनी स्वतंत्रपणे एकच जनुक जाहीर केलं: सोळाव्या गुणसूत्रावरचं नॉड-२. या जनुकापासून बनणारं प्रथिन पेशीच्या आत असतं आणि जिवाणूंच्या भिंतीचा एक छोटा तुकडा ओळखतं. त्या तुकड्याला म्युरामिल डायपेप्टाइड म्हणतात. तो सापडला की नॉड-२ रिप-२ नावाच्या प्रथिनाला हाक देतं, रिप-२ पुढे एनएफ-कप्पा-बी हे संरक्षणाची जनुकं चालू करणारं प्रथिन जागं करतं, आणि पेशी संरक्षणाच्या कामाला लागते. नॉड-२ चं एक रूप असं आहे की त्यात डीएनएचं फक्त एक अक्षर जास्तीचं घुसलंय. त्यामुळे वाचन सरकतं आणि १०४० अमिनो आम्लांच्या या प्रथिनाची शेवटची तेहतीस गळून पडतात. नेमकी ओळखणारी बाजूच बोथट होते आणि पेशीला जिवाणूचा तुकडा दिसेनासा होतो.

इथे कोणालाही प्रश्न पडावा. जिवाणू दिसत नसतील तर दाह कमी व्हायला हवा, मग तो जास्त कसा?

उत्तर वेळेच्या गणितात आहे. इलियमच्या अस्तरातल्या खोलगट खाचांच्या तळाशी पॅनेथ पेशी असतात. त्या डिफेन्सिन नावाची जिवाणूनाशकं सोडतात. नॉड-२ अधू झालं की हे काम मंदावतं आणि जिवाणू भिंतीला खेटून राहतात. जे आत शिरतात त्यांना भक्षक पेशी गिळतात, पण गिळलेलं पचवण्यासाठी पेशीला आत्मभक्षणाची, म्हणजे आतला केर स्वतःच पचवण्याची यंत्रणा लागते. २००७ च्या सुमारास सापडलेली एटीजी-१६-एल-१ आणि आयआरजीएम ही जनुकं याच यंत्रणेतली, आणि तीही क्रोन्सशी जोडलेली. अर्धवट पचलेले जिवाणू ऊतीत साठत जातात. पहिली फळी अशी कमी पडली की मग उशिरा दुसरी फळी येते: टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी, आणि टीएनएफ, इंटरल्यूकिन-२३ हे दाह भडकवणारे संदेशवाहक रेणू. रोजचा केर रोज न काढलेल्या घरात शेवटी गवंडी बोलवावा लागतो आणि तो केरासोबत गिलावाही खरवडून नेतो, तसं काहीसं.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एका गटाने २००६ मध्ये क्रोन्सच्या रुग्णांच्या हाताच्या त्वचेखाली मारलेले ई. कोलाय जिवाणू टोचले. निरोगी माणसांत त्या जागी रक्तप्रवाह झपाट्याने वाढला, रुग्णांत फारच कमी. आतड्याच्या छोट्याशा जखमेवर धावून येणाऱ्या न्यूट्रोफिल, म्हणजे पहिल्या फळीतल्या पांढऱ्या पेशीही रुग्णांत कमी भरल्या. ज्या आजाराला आपण अतिरेकी दाह म्हणतो, त्यात पहिली फळीच कच्ची आहे. अशा शरीरात सरसकट 'इम्युनिटी वाढवा' या सल्ल्याला अर्थच राहत नाही. नेमकी कोणती फळी वाढवायची, हे काढा विकणाऱ्याने आधी सांगावं. आणि काढ्याच्या भरवशावर चालू औषध बंद करणारी माणसं आतडं गमावून बसतात, म्हणून याविरुद्ध बोलायलाच हवं.

पण जनुकांवर सगळं टाकता येत नाही. नॉड-२ ची युरोपात आढळणारी ठळक रूपं भारतीय रुग्णांत जवळजवळ सापडत नाहीत, आणि जिथे सापडतात तिथेही ती बाळगणाऱ्या बहुतेकांना आजार होत नाही. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला क्रोन्स असला तरी दुसरा बऱ्याचदा निरोगी राहतो. बाकीचा भार परिस्थितीवर पडतो. धूम्रपानाने धोका साधारण दुप्पट होतो. बालपणातल्या अँटिबायोटिकच्या जादा वापराशी संबंध दिसतो. पाकिटबंद पदार्थांत तेल-पाणी एकजीव ठेवायला घालतात त्या इमल्सिफायरनी उंदरांच्या आतड्यावरचा श्लेष्माचा थर पातळ केल्याचं २०१५ मध्ये दिसलं. म्हणजे गाडीवरच्या उसळीपेक्षा पाकिटातल्या खाण्याची चौकशी आधी व्हायला हवी.

बडोद्यातल्या मराठी घरांना जवळचा वाटेल असा एक अभ्यास कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातला आहे, २०१५ चा. दक्षिण आशियातून तिथे गेलेल्यांना आतड्याचे दाहविकार (क्रोन्स त्यांतलाच एक) स्थानिकांपेक्षा कमी होते. पण त्यांच्या तिथे जन्मलेल्या मुलांत धोका स्थानिक मुलांइतकाच निघाला. जितक्या लहान वयात स्थलांतर, तितका धोका जास्त. एका पिढीत जनुकं बदलत नाहीत, बालपण बदलतं.

आपल्याकडची अडचण वेगळी. आतड्याचा क्षयही इलियमच्या टोकालाच धरतो. ताप, वजन घटणं, आकसलेलं आतडं, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या दाहक गाठी, सगळं मिळतंजुळतं. कोलोनोस्कोपी आणि बायॉप्सीनंतरही कधीकधी निवाडा होत नाही आणि आधी क्षयाची औषधं देऊन पाहावं लागतं. हा गोंधळ उपचारातही महत्त्वाचा ठरतो. १९९८ पासून अमेरिकेत क्रोन्ससाठी वापरात आलेलं इन्फ्लिक्सिमॅब हे इंजेक्शन टीएनएफला अडवतं, म्हणजे दुसऱ्या फळीला शांत करतं. पहिली फळी होती तशीच कच्ची राहते, म्हणून औषध थांबल्यावर आजार अनेकदा परततो. आणि ज्या टीएनएफला ते अडवतं, त्याच्याच जोरावर शरीर झोपलेल्या क्षयाच्या जिवाणूला गाठींत कोंडून ठेवत असतं. म्हणून हे इंजेक्शन सुरू करण्याआधी डॉक्टर छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी करायला सांगतात. ती टाळू नये.