होंडा सिटीचं पॅडल आणि बाइक-इंजिनाच्या किट कारचं पॅडल

होंडा सिटी सीव्हीटी किंवा ऑटोमॅटिक ब्रेझा चालवली असेल, तर स्टिअरिंगमागच्या दोन पात्या, म्हणजे पॅडल, ओळखीच्या असतील. उजवी ओढली की गिअर वर, डावी ओढली की खाली. इंग्लंडमध्ये हौशी लोक घरच्या गॅरेजात मोटरसायकलचं इंजिन बसवून ज्या छोट्या किट कार जुळवतात, त्यांतही अगदी अशाच पात्या दिसतात. त्यामुळे अनेकांना वाटतं, ऑटोमॅटिक गाडीची पॅडल काढून बाइकच्या इंजिनाला जोडली की काम झालं. तसं होत नाही.

सिटीतलं पॅडल हे एक बटण आहे. ते दाबल्यावर संगणकाकडे फक्त सिग्नल जातो. सीव्हीटीत तर ठरावीक गिअरच नसतात. पट्टा पुल्यांवर सरकत राहतो आणि संगणक त्याला सात जागी थांबवून गिअर बदलल्याचा अनुभव देतो. ब्रेझात खरे सहा गिअर आहेत, पण ते तेलाच्या दाबावर बदलतात आणि तो दाब सोडायचा की नाही हे संगणकच ठरवतो. वेगात असताना एकदम खालचा गिअर मागितला आणि इंजिनाचे फेरे मर्यादेबाहेर जाणार असतील, तर तो सरळ नाकारतो.

किट कारमधलं पॅडल म्हणजे बाइकवर डाव्या पायाने दाबतो तो गिअरचा दांडा, फक्त बोटांपाशी आणलेला. 1957 च्या लोटस सेव्हन या छोट्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या वळणाच्या या गाड्यांत हायाबुसा किंवा यामाहा आर-वनचं इंजिन बसवतात. ते आडवं न ठेवता काटकोनात फिरवतात, म्हणजे चेनचं स्प्रॉकेट मागे येतं आणि त्या जागी मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट जोडता येतो. गिअरचा शाफ्टही बहुधा त्याच बाजूला असल्याने तो आपसूक ड्रायव्हरकडे तोंड करतो. हा मोठा फायदा आहे.

आता खरी मेख. बाइकचा गिअरबॉक्स खटक्यावर चालतो. दांडा एकदा हलवला की आतला ड्रम एक घर फिरतो, फोर्क (गिअर सरकवणारे काटे) सरकतात आणि गिअरचे डॉग (बाजूला असलेले जाड दात) एकमेकांत अडकतात. पुढचा गिअर टाकायला दांडा आधी मधल्या जागी परत यावाच लागतो. पॅडलची जोडणी जड झाली किंवा केबल घासली, तर दांडा पूर्ण परतत नाही आणि पुढचा गिअर पडत नाही. उलट हालचाल कमी पडली तर डॉग अर्धवट अडकतात. मग जोर लावला की गिअर सुटतो आणि डॉगच्या कडा झिजत जातात. जास्त झाली तर फोर्क वाकतात. म्हणून दोन्ही बाजूंना अडवणारे बोल्ट हवेतच.

गणित सोपं आहे. शाफ्टवरचा दांडा 5 सेंटिमीटरचा असेल आणि तो 12 अंश फिरायला हवा असेल, तर टोकाला साधारण 1 सेंटिमीटर हालचाल लागते. पॅडलवर बोट मधल्या खिळीपासून 10 सेंटिमीटरवर आणि केबल 4 सेंटिमीटरवर असेल, तर बोटाला अडीच सेंटिमीटर ओढावं लागतं आणि जोर अडीचपट कमी लागतो. दोन्ही पात्या एकाच पट्टीच्या, मध्ये खिळलेल्या. उजवी जवळ आली की डावी लांब जाते. ब्रेकची साधी केबल फक्त ओढते, त्यामुळे इथे ढकलणारी-ओढणारी केबल लागते, किंवा साध्या दोन.

पट्टी स्टिअरिंगबरोबर फिरली तर केबल पिळते. ती कॉलमवर स्थिर ठेवणं सगळ्यात सोपं, पण तीव्र वळणात हात पात्यांपासून दूर जातात. कॉलमवर पुढेमागे सरकणारी कडी बसवली तर पट्टी चाकाबरोबर फिरू शकते, केबल मात्र जागेवर राहते. मला ही रचना सर्वांत पसंत आहे.

बटण लावूनही हे करता येतं, आणि तिथेच दोन्ही प्रकार सारखे वाटू लागतात. पण बटणामागे हवेचा सिलिंडर असतो आणि तो तोच दांडा हलवतो. 25 मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर 6 बार दाबावर सुमारे 30 किलोचा जोर देतो. 1989 मध्ये फेरारीने फॉर्म्युला वनमध्ये आणलेली पॅडलही याच जातीची होती, फक्त तिथे जोर हायड्रॉलिक होता.

वरचा गिअर टाकताना क्षणभर इग्निशन तोडलं की डॉगवरचा भार सुटतो आणि क्लचशिवाय गिअर पडतो. खाली येताना थ्रॉटलचा हलका झटका द्यावा लागतो किंवा क्लच. निघताना आणि थांबताना क्लच वेगळा दाबावाच लागतो, कारण तो पॅडलशी जोडलेला नाही. आणि केबलच्या पॅडलला नाही म्हणणारं कोणी नसतं. अकरा हजार फेऱ्यांवर चुकून डावी पाती ओढली, तर गिअर पडेल आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतील. सिटीत हीच चूक निरुपद्रवी आहे.

आपल्याकडे फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या रेसिंग कार स्पर्धेसाठी गाड्या बनवणारे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी हाच प्रश्न सोडवतात. अनेक संघ चाकणमध्ये बनणाऱ्या केटीएम 390 चं इंजिन वापरतात. अशा कुणाला मी एवढंच सांगेन: मागची चाकं जॅकवर उचला, इंजिन बंद ठेवा, एक जण चाक हाताने फिरवत राहो आणि दुसऱ्याने सगळे गिअर पॅडलने वरखाली टाकून पाहावेत. पहिल्या-दुसऱ्यामधला न्यूट्रल अर्ध्या खटक्यावर असतो. तो दहापैकी दहा वेळा सापडेपर्यंत बोल्ट पक्के करू नका.