नॅशनल मॉन्युमेंट आणि विल्डरनेस: एक सहीचं, दुसरं संसदेचं

अमेरिकेच्या नकाशावर ‘नॅशनल मॉन्युमेंट’ आणि ‘विल्डरनेस’ ही दोन नावं शेजारीशेजारी दिसतात, कधी तर एकाच्या पोटात दुसरं. तिकडे फिरायला गेलेले आपले लोक दोन्हींना सरसकट ‘नॅशनल पार्क’ म्हणतात. पण जमीन वाचणार की नाही, हे पुष्कळदा या दोन नावांमधल्या फरकावरच ठरतं.

मॉन्युमेंट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे स्मारक येतं, दगडी बांधकाम किंवा किल्ला. मूळ हेतूही साधारण तोच होता. नैऋत्य अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या जुन्या वस्त्या लोक खणून लुटत होते, म्हणून आयोवाचे प्रतिनिधी जॉन लेसी यांच्या पुढाकाराने १९०६ मध्ये अँटिक्विटीज ॲक्ट, म्हणजे पुरातन वस्तूंचा कायदा झाला. संघराज्याच्या मालकीच्या जमिनीवर ऐतिहासिक किंवा शास्त्रीय महत्त्वाचं काही असेल, तर राष्ट्राध्यक्षाने घोषणापत्र काढून ती जागा राखून ठेवावी, असं त्यात आहे. त्याला मतदान लागत नाही, एक सही पुरते. थिओडोर रूझवेल्ट यांनी ‘शास्त्रीय महत्त्व’ हे शब्द असे काही ताणले की १९०८ मध्ये ग्रँड कॅन्यनही त्यात बसवलं. मला तो ताण योग्यच वाटतो.

विल्डरनेसचं, म्हणजे माणसाने न बदललेल्या रानाचं, तसं नाही. तो दर्जा फक्त संसद देते, तोही कायदा करून. पहिलं विधेयक १९५६ मध्ये आलं, सिनेटमध्ये ह्यूबर्ट हम्फ्री आणि प्रतिनिधीगृहात जॉन सेलर यांनी ते मांडलं. एक डेमोक्रॅट, दुसरे रिपब्लिकन. कायदा व्हायला १९६४ उजाडलं. मसुदा लिहिणारे हॉवर्ड झानायझर चारच महिने आधी वारले होते. विल्डरनेस झाली म्हणून जमिनीचा मालक बदलत नाही, वनखात्याची जमीन वनखात्याकडेच राहते, फक्त तिच्यावर कडक नियम चढतात. पक्का रस्ता नाही, गाडी नाही, सायकलसुद्धा नाही. वाटेत पडलेलं झाड हटवायचं तर वनखात्याची माणसं सहसा दोघांनी ओढायची करवत घेऊन जातात, कारण इंजिनावर चालणाऱ्या अवजारांना बंदी आहे. जुनी चराई मात्र चालू राहू शकते. मॉन्युमेंटमध्ये काय चालेल ते त्या-त्या घोषणापत्रावर अवलंबून असतं. रस्ते, गाड्या, शिकार यांना बऱ्याच ठिकाणी मुभा असते, नवे खाणीचे दावे सहसा बंद होतात.

दोन्हींचा फरक नीट कळतो तो अलास्कात, आणि तिथे मॉरिस युडॉल यांचं नाव घ्यावंच लागतं. ॲरिझोनाचे हे डेमोक्रॅट खासदार. लहानपणीच एक डोळा गेलेला, तरी व्यावसायिक बास्केटबॉल खेळलेला हा माणूस १९७७ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या सरकारी जमिनी पाहणाऱ्या अंतर्गत व्यवहार समितीचा अध्यक्ष झाला आणि त्याच जानेवारीत त्यांनी अलास्कातल्या जमिनी राखण्याचं विधेयक मांडलं. मे १९७८ मध्ये ते प्रतिनिधीगृहात मोठ्या बहुमताने मंजूर झालं. सिनेटमध्ये मात्र अलास्काच्याच सिनेटरच्या विरोधामुळे अडलं. इकडे जमिनींना दिलेलं तात्पुरतं संरक्षण १८ डिसेंबरला संपत होतं.

मग सहीचा रस्ता कामी आला. १ डिसेंबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका दिवसात सुमारे ५.६ कोटी एकरांवर मॉन्युमेंट जाहीर केली. महाराष्ट्राच्या जवळजवळ तीन चतुर्थांश एवढी ती जमीन! अलास्कातल्या फेअरबँक्समध्ये कार्टर यांचा पुतळा जाळला गेला. पण आता घाई विरोधकांना होती, कारण मॉन्युमेंटच्या अटी त्यांना कायद्यातल्या तडजोडीपेक्षा जास्त जाचक वाटत होत्या.

युडॉल यांनी विधेयक पुन्हा आणलं. नोव्हेंबर १९८० मध्ये रिपब्लिकन रेगन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, तेव्हा युडॉल यांनी सिनेटचा सौम्य मसुदा आहे तसा स्वीकारला. हातचं घालवायचं नाही, हे त्यांना कळलं होतं. २ डिसेंबरला कार्टर यांनी सही केली. दहा कोटींहून जास्त एकरांना संरक्षण मिळालं आणि त्यातल्या साडेपाच कोटींहून जास्त एकरांना विल्डरनेसचा दर्जा. तडजोडी बोचऱ्या होत्या. तिथल्या विल्डरनेसमध्ये पारंपरिक कामांसाठी स्नोमोबाइल, मोटरबोट, विमान चालतं. गावं इतकी दूर आणि शिकार-मासेमारीवर इतकी अवलंबून, की मला ही सूट रास्त वाटते. दुसरी अट अशी की राष्ट्राध्यक्षाने अलास्कात ५,००० एकरांपेक्षा जास्त जमीन अशी राखली, तर वर्षाच्या आत संसदेची मान्यता हवी.

सहीने मिळालेलं किती टिकतं, याचा दाखला युटा राज्यातलं बेअर्स इअर्स मॉन्युमेंट. ओबामांनी डिसेंबर २०१६ मध्ये साडेतेरा लाख एकर राखले, ट्रम्प यांनी वर्षभरात त्यातले सुमारे ८५ टक्के काढून घेतले, बायडन यांनी २०२१ मध्ये ते परत दिले. ज्या आदिवासी राष्ट्रांनी ती भूमी वाचावी म्हणून एवढी धडपड केली, त्यांनी प्रत्येक निवडणुकीनंतर पुन्हा धास्तावायचं, हे मनाला लागतं. विल्डरनेसची रेघ अशी कुणा एकाच्या सहीने पुसता येत नाही, त्यासाठी पुन्हा कायदाच करावा लागतो.

१९८० च्या कायद्यात युडॉल यांना एक गोष्ट मिळाली नाही. अलास्कातल्या आर्क्टिक अभयारण्याचा मोठा भाग, सुमारे ८० लाख एकर, विल्डरनेस झाला. उत्तरेचा किनारपट्टा, १५ लाख एकर, मात्र तेलाच्या शक्यतेमुळे निर्णयाविना राहिला. कॅरिबू हरणं पिल्लं घालायला येतात ती हीच जागा. पुढे या पट्ट्याला विल्डरनेस करण्यासाठी आलेल्या विधेयकांना युडॉल यांचं नाव दिलं गेलं, पण ती मंजूर झाली नाहीत. २०१७ मध्ये करकपातीच्या कायद्यातच हा पट्टा तेलासाठी खुला झाला आणि जानेवारी २०२१ मध्ये भाडेपट्ट्यांचा पहिला लिलाव झाला. शेजारच्या ८० लाख एकरांचा मात्र लिलाव निघाला नाही.